धक्का मारून चालू न होणारी गाडी



गेल्या महिन्यात एका श्रोत्यांनी प्रश्न विचारला होता. त्यांना केटरिंगच्या कामासाठी जुनी डिझेल व्हॅन घ्यायची आहे. क्लचचं पेडल नाही, गिअर आपोआप पडतात, पण विकणारा म्हणतो, "ही खरी ऑटोमॅटिक नाही." त्यांनी विचारलं, ही गाडी इथल्या थंडीत चालेल का?

चालेल. पण तिची रीत वेगळी आहे, आणि ती मी चुका करून शिकलो. मी मेकॅनिक नाही, आयटीत कन्सल्टंट आहे. माझे बाबा मात्र एसटीच्या सातारा डेपोत वर्कशॉपला होते, आयुष्य डिझेल इंजिनांत गेलं. आजच्या गोष्टीत तेही आहेत.

आधी गाडी समजून घेऊ. या प्रकाराला ए. एम. टी. म्हणतात. आतला गिअरबॉक्स साध्या मॅन्युअल गाडीचाच. तोच क्लच, तीच दात्यांची चक्रं. फक्त क्लच दाबायला आपला पाय नाही आणि गिअर टाकायला आपला हात नाही. ते काम विजेची मोटर किंवा तेलाचा दाब करतो, आणि हुकूम कॉम्प्युटर देतो. भारतात डिझेलमध्ये हा प्रकार २०१४ साली टाटा झेस्टमधून आला. तिचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन आपल्या पुण्याजवळ रांजणगावला बनायचं. तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या भावाकडे, मेव्हण्याकडे अशी गाडी असेलही.

कॅनडात हा प्रकार त्याच्याही आधी आला. स्मार्ट फोरटू ही दोन सीटची चिमुकली गाडी इथे २००५च्या मॉडेलपासून डिझेलमध्ये विकली गेली. ७९९ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ताकद ४० हॉर्सपॉवर, सहा गिअर, सगळे ए. एम. टी. २००८ला पेट्रोलचं मॉडेल आलं आणि डिझेल बंद झालं. अमेरिकेत ती डिझेल स्मार्ट कधी विकलीच गेली नाही. पुढे २०१४ला राम प्रोमास्टर ही मालवाहू व्हॅन आली. तिच्या तीन लिटर डिझेल इंजिनालाही सहा गिअरची ए. एम. टी. होती. आपल्या श्रोत्यांची व्हॅन बहुधा हीच.

माझ्याकडे २००६ची स्मार्ट होती, सेकंडहँड घेतलेली. शंभर किलोमीटरला चार-साडेचार लिटर डिझेल प्यायची. ओटावात पार्किंगला जागा कुठेही मिळायची. मी खूश होतो.

आता ती रात्र सांगतो. काही वर्षांपूर्वीची संक्रांत. बाबा नातीला बघायला आले होते. केम्प्टव्हिलजवळ एका मित्राकडे तिळगुळाचा कार्यक्रम होता. मुलीला सर्दी, म्हणून बायको घरी थांबली, आणि गाडीला तशाही दोनच सीटा. आम्ही बापलेक निघालो. आमच्या बिल्डिंगला तळघरात गॅरेज, आत कायम दहा-बारा अंश. तिथून निघालेली गाडी मित्राच्या दारात चार तास उघड्यावर उभी राहिली. बाहेर उणे २८.

रात्री साडेदहाला निघालो. गाडी चालू झाली, जरा कुरकुरत. ४१६ हायवेला लागलो आणि पंधरा मिनिटांत तिचा दम जायला लागला. शंभरवरून ऐंशी, ऐंशीवरून पन्नास. मी कडेला घेतली आणि इंजिन बंद पडलं.

मी सेल मारला. पुन्हा मारला. सात-आठ वेळा मारला. बाबा म्हणाले, "आरं थांब की, तिला दम खाऊ दे." मी सवयीप्रमाणे लिव्हर रिव्हर्सला टाकला, चावी काढली, धोक्याचे दिवे लावले आणि मदतीला फोन केला. त्या रात्री सगळ्या शहराच्या गाड्या बंद पडल्या असाव्यात. तिकडून उत्तर आलं, दोन तास तरी लागतील.

वीस मिनिटांनी पुन्हा चावी लावली. डॅशबोर्डवर गिअरचा आकडा दिसायचा तिथे नुसत्या तीन आडव्या रेघा. लिव्हर न्यूट्रलला ओढला, पण आत काहीच हललं नाही. गिअर न्यूट्रलला गेल्याशिवाय ही गाडी सेल घेत नाही.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. बाबा खाली उतरले होते. अंगावर माझा कोट होता, पण पायात साताऱ्याहून आणलेले साधे बूट. गाडीच्या मागे जाऊन दोन्ही हात टेकवले आणि ओरडले, "टाक सेकंडला, मी धक्का मारतो!"

मंडळी, चाळीस वर्षांची सवय. एसटी बंद पडली की निम्मे प्रवासी खाली उतरतात, धक्का मारतात आणि गाडी निघते. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हा शेवटचा उपाय पक्का बसलेला आहे. या गाडीला तो लागू नाही. क्लच आपल्या पायाखाली नाही, तो बॅटरीच्या ताब्यात आहे. बॅटरी मेली की क्लच मेला, आणि गिअर जिथे आहे तिथेच अडकला. माझी गाडी रिव्हर्समध्ये अडकली होती. बाबा ढकलत होते आणि सातशे-आठशे किलोची गाडी तसूभरही हलत नव्हती.

त्यांना समजावून आत आणेपर्यंत सात-आठ मिनिटं गेली. आत हीटर बंद, काचांवर आमच्याच श्वासाचं बर्फ. थोड्या वेळाने ते म्हणाले, "पायाची बोटं लागंनात." त्या क्षणापर्यंत मला गाडीची काळजी होती. तिथून पुढे फक्त बाबांची. मी ९११ला फोन लावायला घेतला, तेवढ्यात एक पिकअपवाला थांबला. आम्हाला त्याच्या उबदार केबिनमध्ये बसवलं आणि थेट हॉस्पिटलच्या दारात सोडलं. नाव विचारायचंही राहिलं.

दोन बोटं पांढरी पडली होती. कोमट पाण्यात हळूहळू गरम केली. बोटं वाचली, पण मुंग्या येणं पुढे महिना-दीड महिना चाललं. एक लक्षात ठेवा, अशी बोटं चोळायची नाहीत आणि हीटरसमोर धरायची नाहीत. एन्व्हायर्नमेंट कॅनडाच्या तक्त्यात वाऱ्यासकट जाणवणारी थंडी उणे २८ ते उणे ३९ असेल तर उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. पातळ बुटांतला पाय उघड्या पायापेक्षा फार वेगळा नसतो.

दुसऱ्या दिवशी गाडी टो करून गरम गॅरेजमध्ये नेली. पाच-सहा तासांनी बॅटरी चार्ज केली, डिझेलचा फिल्टर बदलला आणि गाडी चालू झाली. काही मोडलं नव्हतं. चूक पूर्ण माझी होती, आणि एक नव्हे, तीन.

पहिली चूक डिझेलची. डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो. थंडीत तो आधी गढूळ दिसतो, मग त्याचे कण फिल्टरमध्ये अडकतात. म्हणून इथल्या कंपन्या हंगाम आणि प्रदेश बघून डिझेल बदलतात. हिवाळ्याचं डिझेल बरंच खालच्या तापमानाला गढूळ होतं. माझ्या टाकीत मात्र ऑक्टोबरचं डिझेल होतं. मी बसने ऑफिसला जायचो, गाडी गरम तळघरात उभी, टाकी संपतच नव्हती. सुरुवातीला फिल्टरमधल्या डिझेलवर गाडी चालली, मग टाकीतलं मेण पुढे आलं. तुमची गाडी कमी फिरत असेल तर नोव्हेंबरअखेर जुनं डिझेल संपवा आणि गर्दीच्या पंपावर नवं भरा. दक्षिणेकडून, म्हणजे न्यू जर्सी-व्हर्जिनियाकडून येत असाल तर तिथली भरलेली टाकी घेऊन उणे तीसमध्ये शिरू नका. डिझेल गोठू नये म्हणून बाटलीतलं औषध मिळतं, ते गोठण्याआधी घालायचं असतं. गोठल्यावर त्याचा उपयोग नाही. बाबांनी लगेच सुचवलं होतं, "थोडं रॉकेल घाल." जुन्या इंजिनांना ते चालायचं. आजच्या उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलमधूनच मिळतं, रॉकेलाने ते कमी होतं. आपल्या मनाने घालू नका.

दुसरी चूक बॅटरीची. ती पाच वर्षांची होती. उणे १८ला बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. डिझेलला ठिणगी नसते, हवा दाबून तापवावी लागते, म्हणून तिचा सेलही जड. त्यात ग्लो प्लग वीज खातात. आणि ए. एम. टी.त क्लचही त्याच बॅटरीवर. आमच्या धंद्यात सिस्टिम बांधताना पहिला प्रश्न विचारतात, कुठली एक गोष्ट बंद पडली तर सगळं बंद पडेल? मी क्लायंटला हे शिकवून पैसे घेतो आणि स्वतःच्या गाडीला तो प्रश्न कधी विचारला नव्हता. या गाडीत ती गोष्ट म्हणजे बॅटरी. दर ऑक्टोबरला तपासून घ्या. चार वर्षं झाली असतील तर बदलण्याचा खर्च धरूनच चाला.

तिसरी चूक ब्लॉक हीटरची. गाडीला तो होता, वायर बंपरमागे गुंडाळलेली. मित्राच्या दारात बाहेरच प्लग होता. मी लावला नाही, म्हटलं चार तासांचा तर प्रश्न आहे. उणे १५च्या खाली गेलं की डिझेलला तो लावावाच. रात्रभर नको, टायमर लावून निघायच्या दोनेक तास आधी पुरतो. वायर बाहेर वापरायची, जाड घ्या, आणि निघताना काढायला विसरू नका. पण एक समजून घ्या. ब्लॉक हीटर इंजिन गरम करतो. टाकीतलं डिझेल, बॅटरी आणि गिअरबॉक्स थंडच राहतात. म्हणून तो लावला की सगळं झालं असं नाही.

आता रोजची रीत. ब्रेकवर पाय, लिव्हर न्यूट्रलला. चावी फिरवा आणि ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबा. फार थंडी असेल तर चावी बंद करून पुन्हा एकदा तसंच करा. सेल दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट विसावा द्या. चालू झाल्यावर मिनिटभर थांबा, ब्रेकवर पाय ठेवूनच एकदा पहिला, एकदा रिव्हर्स टाकून बघा. गिअर नीट पडतोय ना, हे दारातच कळलेलं बरं. पुढे अर्धा तास उभ्याने इंजिन चालवत बसू नका. डिझेल उभ्याने तापतच नाही. सावकाश चालवत तापवा. पहिली दहा मिनिटं गिअर उशिरा पडतील, हिसका बसेल. आतलं तेल घट्ट आहे, एवढाच त्याचा अर्थ.

बर्फाच्या वळणावर लिव्हर मॅन्युअलला घ्या, म्हणजे ऐन वळणात कॉम्प्युटर गिअर बदलणार नाही. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, क्लच जळतो. ब्रेक लावा. आणि बर्फात रुतलात तर पुढे-मागे, पुढे-मागे करत क्लच तापवण्यापेक्षा फावडं काढा.

उभी करताना गिअरमध्ये ठेवा, कारण अशा बऱ्याच गाड्यांना पार्किंगचा गिअर नसतो. ओल्या बर्फातून आला असाल आणि जागा सपाट असेल तर हँडब्रेक लावू नका, तो गोठून बसतो. टायर हिवाळ्याचेच हवेत. आम्हा ओटावाकरांना नदीपलीकडे गॅटिनोला जावंच लागतं, आणि क्यूबेकमधल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च ते कायद्याने सक्तीचे आहेत.

व्हॅनवाल्या श्रोत्यांसाठी एक जादा गोष्ट. त्या गाडीत धूर स्वच्छ करणारं डी. ई. एफ. वेगळ्या टाकीत भरावं लागतं. ते उणे ११ला गोठतं. घाबरू नका, टाकीला स्वतःचा हीटर असतो. त्यात पाणी मात्र कधी घालू नका. आणि आपल्यातले जे मोठे ट्रक चालवतात, त्यांच्याकडे आता बहुतेक ए. एम. टी.च आहेत. त्यांतल्या पुष्कळ हवेच्या दाबावर गिअर टाकतात. हवेत ओल राहिली तर ती गोठते, म्हणून एअर ड्रायर हिवाळ्याआधी बघून घ्या.

शेवटची गोष्ट गाडीची नाही, माणसांची. माझ्या गाडीत आता एक पिशवी कायम असते. दोन ब्लँकेट, जाड मोजे, टोप्या, हातमोजे, टॉर्च, मेणबत्ती-काडेपेटी, बॅटरीला झटका द्यायचा छोटा जंप पॅक, आणि चिक्की. जंप पॅक घरात चार्ज करतो, निघताना सोबत घेतो. आणि भारतातून आलेले आईबाबा गाडीत बसण्याआधी मी त्यांचे पाय बघतो. दहा मिनिटांचाच रस्ता आहे, असं म्हणत साध्या बुटांत कुणालाही बाहेर काढत नाही. गाडी बंद पडली तर गाडीतच थांबा आणि पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा: ही गाडी धक्का मारून चालू होत नाही.

ती स्मार्ट मी नंतर तीन हिवाळे चालवली. एकदाही अडली नाही. बाबा आता साताऱ्याला असतात. दर वर्षी दिवाळीच्या फोनवर फराळाची चौकशी झाली की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "बॅटरी तपासलीस का?"

तुम्हीही या शनिवारी तपासून घ्या. नमस्कार.