उरल्यासुरल्या कापडाची शिलाई : घरासाठी आणि गरजूंसाठी

(राहनाळ, ता. भिवंडी, जि. ठाणे येथे शेतकरी बंधू-भगिनींपुढे केलेले भाषण. वक्ते कृषिविद्या विषयाचे सहायक प्राध्यापक आहेत.)



कृषिविद्येचा मास्तर गावात आला म्हणजे भाताची रोपवाटिका, चारसूत्री लागवड आणि खताच्या मात्रा यांवरच बोलणार, अशी तुमची समजूत असते. ते सर्व मी सकाळी बोललो. जेवणानंतरचा हा अर्धा तास मात्र मी माझ्या छंदासाठी मागून घेतला आहे. मी शिवणकाम करतो. मघाशी हे सांगितले तेव्हा पुढे बसलेल्या आजी पदराआड हसल्या. त्यांचे हसणे मी मनावर घेतलेले नाही. शिंपी पुरुषच असतो, तेव्हा मास्तराने मशीन चालवली तर बिघडले कुठे?

राहनाळ हे भिवंडी शहराला लागून असलेले गाव. तुमच्या आजूबाजूला मागांची खटखट ऐकू येते आणि शिवारात गोदामे उभी राहिली आहेत. ज्या खाचरांत भात होत असे, त्यांतल्या कितीतरी खाचरांवर आज पत्र्याची छपरे आहेत. त्या व्यवहाराच्या बऱ्या-वाइटाबद्दल मला आज बोलायचे नाही. पण एक गोष्ट दिसते. लावणी, बेणणी, कापणी, झोडणी यांत जे बायकांचे हात वर्षानुवर्षे गुंतलेले होते, ते आता बरेचसे मोकळे झाले आहेत. आणि ज्या गावाच्या वेशीपर्यंत कापडाचे गठ्ठे येतात, त्याच गावात सुनेला गोधडी घालता येत नाही आणि सासूला सुईत दोरा ओवायला दिसत नाही. या दोघी एका चटईवर बसल्या तर ही कला टिकेल. नाहीतर आणखी पंधरा-वीस वर्षांनी ती शिकवायला कोणी उरणार नाही.

मी या छंदाकडे कसा वळलो ते आधी सांगतो, कारण त्यात माझी चूक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला. आम्ही सहकारी व विद्यार्थी मिळून जुने कपडे गोळा केले, सात-आठ पोती भरली आणि टेंपोने घेऊन गेलो. एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती, तिथे पोती सोडली. एक वयस्कर बाई बराच वेळ कपडे उलटेपालटे करीत होत्या. शेवटी मला म्हणाल्या, "साड्या लई आल्या रे बाळा. परकर कुणीच आणला नाही. साडी नेसायची कशावर?" मी पोत्यात पाहिले. चेन तुटलेली पँट होती, लग्नातला जरीचा अंगरखा होता, एकेकटे मोजे होते. परकर एकही नव्हता. आम्ही दान केले नव्हते, आमची कपाटे रिकामी केली होती. परतीच्या वाटेवर टेंपोत कोणी फारसे बोलले नाही.

हे केवळ आमच्याच हातून घडले असे नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून गेलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले होते. 'गूंज' या संस्थेने ते उचलले, निवडले आणि कामाचे केले. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये ही संस्था सुरू केली व २०१५ मध्ये त्यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या केंद्रांतून सुती साड्या-चादरींचे स्वच्छ धुतलेले तुकडे मासिक पाळीच्या घड्यांसाठी वापरले जातात. जुने कापड द्यायला हरकत नाही. पण घेणाऱ्याला काय हवे ते आधी विचारावे, आणि मग त्या मापाचे शिवून द्यावे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी आईची पायमशीन माळ्यावरून खाली काढली. तुमच्यापैकी अनेकींच्या घरी लग्नात आलेली अशी मशीन असेल आणि तिच्यावर आता टीव्ही ठेवलेला असेल. पावसाळी हवेत तिला गंज धरतो. तेलाचे चार-सहा थेंब प्रत्येक छिद्रात सोडून, दोरा न ओवता ती पाच मिनिटे नुसती चालवावी, मग चिंधीवर शिवून जास्तीचे तेल जिरवावे. सुई चौदा नंबरची. बोथट सुई टाके सोडते आणि दोष आपण मशीनला देतो.

पहिला परकर मी कटपीसचा शिवला. शिवल्यावर धुतला आणि तो चार बोटे आखूड झाला! मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाला खळ असते. खळ निघाली आणि सूत सैल पडले की कापड आकसते. सुती असेल तर मीटरमागे पाच-सहा सेंटिमीटर सहज जातात. म्हणून कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे, सकाळी चोळून धुवावे, सावलीत वाळवून इस्त्री करावी आणि मगच कात्री लावावी. खळीचे कापड तसेच घडी घालून ठेवले तर त्याला कसर लागते, हेही ध्यानात असू द्या.

कापड ओळखायचे कसे? आमच्याकडे मातीपरीक्षण करतात तसे कापडाचेही करता येते. कडेचा एक धागा ओढा, चिमट्यात धरून पाण्याच्या भांड्यावर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळते व टोकाला कडक मणी धरतो. रेशीम आणि लोकर यांना केस जळाल्याचा वास येतो. आज भिवंडीत विणल्या जाणाऱ्या कापडात मिश्र धाग्याचे आणि पॉलिस्टरचे कापड पुष्कळ आहे, तेव्हा विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नका. पॉलिस्टर टाकून द्या असे माझे म्हणणे नाही. त्याच्या बाजाराच्या पिशव्या उत्तम होतात. परंतु घाम टिपायचा असेल, बाळाच्या अंगाला लागायचे असेल, तर सुतीच हवे.

रंगाचे म्हणाल, तर लाल आणि गर्द हिरवे कापड वेगळे भिजवावे आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. मीठ घातले की रंग पक्का होतो असे सर्रास सांगतात. माझा त्यावर भरवसा नाही. रंग सुटत असेल तर ते कापड फिक्या कापडाशेजारी जोडू नये.

आता त्या परकराकडे येतो. कटपीस स्वस्त मिळतो, कारण त्यात सलग लांबी नसते. सहा कळ्यांच्या परकराला सलग लांबी लागतच नाही, फक्त एका कळीएवढी लागते. कळी ९५ सेंटिमीटर उंच, वर १७ आणि खाली ३७ सेंटिमीटर रुंद धरा, शिवणीसाठी दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर सोडा. नेफा आणि खालची पट्टी वेगळ्या तुकड्यांच्या लावा. एक मीटर लांब आणि सव्वा मीटर पन्ह्याच्या तुकड्यावर कळ्या उलटसुलट मांडल्या, म्हणजे एकीचे डोके दुसरीच्या पायाशी, तर चार कळ्या निघतात. दीड तुकड्यात एक परकर होतो, तीन तुकड्यांत दोन. कळीची एक बाजू सरळ, ताण्याच्या धाग्यावर ठेवा व दुसरी तिरकी कापा. जोडताना एकीची तिरकी बाजू दुसरीच्या सरळ बाजूला जोडावी. दोन तिरक्या एकत्र आल्या तर ती शिवण लोंबते आणि परकर खाली-वर दिसतो. ताणा-बाणा कशाला म्हणतात हे भिवंडीकरांना मी सांगायला नको.

पण या छंदातले खरे सुख गोधडीत आहे. मी हिशेबी माणूस, म्हणून आधी हिशेब सांगतो. दोन मीटर दहा सेंटिमीटर लांब आणि दीड मीटर रुंद गोधडीचे क्षेत्र सव्वातीन चौरस मीटरच्या आत भरते. जुनी पाचवारी सुती साडी धरून चालू की साडेपाच मीटर लांब व सव्वा मीटरच्या आत-बाहेर पन्ह्याची आहे. अशा तीन साड्यांत जोड आणि फाटका भाग वजा जाता पाच थर बसतात. विरलेला भाग आत, धडका भाग वर. चटईवर पहिला थर ताणून अंथरावा, चारी कोपऱ्यांवर वरवंटा-पाटा काहीही ठेवावे, मग बाकीचे थर. सर्व थर आधी लांब टाक्यांनी धरून घ्यावेत. हे टाचण करायचा कंटाळा केला की मध्ये फुगे येतात, आणि ते मागून काही केल्या निघत नाहीत. त्यानंतर काठापासून धावदोरा घालत चौकोनात आत आत जायचे.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर-हल्याळ भागात सिद्दी समाजाच्या स्त्रिया अशाच काठाकडून आत शिवत 'कवंडी' करतात आणि चारी कोपऱ्यांना 'फुला' म्हणून तुकडे लावतात. बंगालची कांथा, बिहारची सुजनी या हिच्याच बहिणी. जिथे जुने सुती कापड आणि सुई आहे, तिथे ही गोष्ट कोणी न शिकवता जन्मली.

शेतकऱ्याने हे काम हलके मानू नये, म्हणून एक आकडेमोड करून पाहा. अर्धा किलो वजनाच्या सुती साडीला दीड किलोहून अधिक कापूस लागतो, कारण सरकी काढल्यावर रुईचा उतारा साधारण एक तृतीयांश. एका बोंडात साडेतीन ग्रॅम कापूस आणि झाडाला वीस बोंडे धरली, तर एका साडीत वीस-बावीस झाडांचे पाच-सहा महिने आहेत. वऱ्हाडातल्या कोणा शेतकऱ्याने बोंडअळीशी झगडून ती झाडे राखली. अशी साडी उकिरड्यावर जाते तेव्हा मला पेंढा जाळणाऱ्यावर येतो तसाच राग येतो.

अमेरिकेत १९३० च्या मंदीत शेतकरी बायका पशुखाद्याच्या आणि पिठाच्या सुती पोत्यांचे फ्रॉक शिवत. हे कळल्यावर गिरण्यांनी पोत्यांवर फुलांची नक्षी छापायला सुरुवात केली, आणि एका फ्रॉकला लागतील तेवढी एकाच नक्षीची पोती मिळावीत म्हणून बायका नवऱ्याला बजावून दुकानात पाठवीत. १९४० च्या सुमारास तिथल्या कृषी विस्तार खात्याने शिल्लक कापूस गरीब शेतकरी कुटुंबांना देऊन गाद्या करायला शिकवल्या. तेव्हा विस्ताराचा माणूस सुई-दोऱ्यावर बोलतो यात नवे काही नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात तर वस्त्रशास्त्र हा रीतसर विषय आहे.

जुने कापड नव्याहून सरस ठरल्याचाही दाखला आहे. बांगलादेशातील ६५ खेड्यांत बायकांना पिण्याचे पाणी साडीची चारपदरी घडी करून गाळायला शिकवले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पटकीचे रुग्ण निम्म्याच्या आसपास घटलेले दिसले, कारण जंतू ज्या सूक्ष्म जलजीवांना चिकटून असतात ते घडीत अडकतात. त्यात जुनी, वापरलेली साडी नव्या साडीपेक्षा चांगली ठरली, कारण धुऊन धुऊन सूत फुलते आणि छिद्रे बारीक होतात. पाणी उकळणे यामुळे सुटत नाही. पण पाच टक्के निंबोळी अर्क गाळताना हीच घडी वापरा, पंपाचा नोझल तुंबणार नाही. कडेला दोरी घालून शिवलेले गाळणे एकदा करून ठेवले की दोन-तीन हंगाम पुरते. वालाचे बियाणे राखेत घालून ठेवायला सुती थैलीही तशीच.

आमच्या विस्तारवाल्यांना एक खोड असते. बाईच्या हातात कला दिसली की लगेच तिचा बचत गट करायचा, मग कर्ज, मग प्रदर्शनातला गाळा. ते ज्यांना हवे त्यांनी जरूर करावे. मी आज जोडधंदा सांगायला आलेलो नाही. हाताने केलेल्या गोधडीला महिना-दीड महिना लागतो. तिची मजुरी लावली तर गिऱ्हाईक तोंड फिरवते आणि न लावली तर शिवणारी नाडली जाते. नातवाला दुपटे शिवताना हा विचारच येत नाही. दिवेलागणीला दोन ओळी घालाव्यात, हा तुकडा कोणाच्या साडीचा, ते लुगडे कोणत्या जत्रेत घेतलेले, अशा गोष्टी निघाव्यात. माझ्या गोधडीत वडिलांच्या धोतराचा एक थर आहे. बाहेरून तो दिसत नाही.

द्यायचे असेल तर जवळ पाहा. ग्रामीण रुग्णालयात बाळंत होणाऱ्या गरीब बाईला झबली, कुंची, लंगोट, दुपटे लागतात. जन्मलेल्या बाळाला आधी जुन्या मऊ कापडाचेच झबले घालायची आपली रीत शहाणपणाची आहे. झबल्याला बटण नको, नाडी लावा. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा म्हणजे कातडीला टोचत नाही. सर्व कपडे उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा आणि मगच द्या. तिथल्या सिस्टरांना आधी विचारा. मी एकदा न विचारता वीस कुंच्या नेल्या, आणि त्यांना हवे होते लंगोट. म्हणजे २०१९ ची चूक मी पुन्हा एकदा, लहान प्रमाणात, केलीच.

पुरासाठी परकर मात्र आधीच शिवून ठेवता येतात. गेल्या वर्षभरात माझे चौदा झाले आहेत, लहान-मोठ्या मापांचे, नाड्या ओवून. कमरेचे माप नेफ्यावर खडूने न लिहिता दोऱ्याने टाचले आहे, खडू पुसला जातो.

ही कळीची कागदी पट्टी मी मापाची कापून आणली आहे. इथे टेबलावर ठेवतो. ज्यांना हवी त्यांनी वर्तमानपत्रावर आखून घ्यावी. आणि आजी, तुम्ही मघाशी हसलात ना, आता पुढे या आणि माझी ही शिवण तपासा. नेफ्याजवळ ती अजूनही वाकडी जाते, ती का हे मला तुमच्याकडून समजून घ्यायचे आहे.