एका कांडीची पाणवनस्पती



उसाची लागण आपण कशी करतो? बी पेरतो का? नाही. उसाची टिपरी तोडतो आणि सरीत दाबतो. पेरावरचा डोळा फुटतो. नवा ऊस उभा राहतो.

काही पाणवनस्पतींची रीत अशीच आहे. त्यांच्या कांडीला पेरे असतात. प्रत्येक पेरापाशी पाने असतात. कांडीचा तुकडा पाण्यात पडला, की त्याची नवी वनस्पती होते. उसाला वर्ष लागते. या मात्र थोड्याच दिवसांत वीतभर वाढतात.

काचेच्या टाकीत मासे पाळणारांना या वनस्पती फार उपयोगी. माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे यांनी पाणी नासते. पण ही घाण म्हणजे वनस्पतीचे खतच! जी भराभर वाढते, ती जास्त खत खाते. मग बुळबुळीत शेवाळाला खायला कमी उरते. उन्हात पानांतून बारीक बुडबुडे निघताना दिसतात. तो प्राणवायू.

आता ओळख करून घेऊ.

पहिली हायड्रिला. आपल्या तळ्यांत ती पुष्कळ सापडते. एकेका पेराभोवती चार-पाच लहान पाने चक्रासारखी असतात. पानाच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. कांडी चिमटीतून ओढून पाहा, खरखरीत लागते.

दुसरी सेरॅटोफायलम. हिची पाने दोऱ्यासारखी बारीक आणि टोकाशी दुभंगलेली. शेंडा झुपकेदार. हिला मुळे मुळीच नसतात. ती पाण्यात नुसती तरंगत ठेवावी.

तिसरी लिम्नोफिला. ही भातखाचरांत आणि डबक्यांत उगवते. पाण्याखालची पाने पिसासारखी कातरलेली असतात. ती पेराभोवती चक्रात असतात, आणि त्यांना देठ नसतो. हिला मुळे असतात.

चौथी कॅबोम्बा. ती लिम्नोफिलासारखीच दिसते. येथेच माणूस फसतो. कॅबोम्बाच्या पानाला देठ असतो, आणि देठाच्या टोकाला पंख्यासारखे कातरलेले पान. म्हणून देठ पाहावा. ही वनस्पती आपली नाही. ती अमेरिका खंडातून आली.

लागवड कशी करावी? जाडी वाळू स्वच्छ धुऊन टाकीच्या तळाशी दोन इंच पसरावी. वीतभर कांडी घ्यावी. खालच्या दोन पेरांची पाने काढावी. ती पेरे वाळूत खोचावी. दोन कांड्यांमध्ये दोन बोटे अंतर ठेवावे. टाकीला सकाळचा उजेड मिळावा. दुपारचे कडक ऊन नको. फार ऊन लागले, तर पाणी हिरवे होते.

कांडी पाण्याच्या वर आली, की शेंडा कापावा आणि तोच पुन्हा लावावा. खाली उरलेल्या बुंध्याला बगलफूट येते. पण दाटी होऊ देऊ नये. रात्री वनस्पतीही माशांप्रमाणे प्राणवायू घेतात. दाटी झाली, तर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात.

आता मुख्य गोष्ट ऐका. कापलेल्या कांड्यांचे काय करता? ओढ्यात टाकता? विहिरीत टाकता? मग पुढे काय होते ते पाहा.

१९५० नंतरच्या काही वर्षांत हायड्रिला सिलोनमधून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, अमेरिकेतील फ्लोरिडात गेली. गेली ती टाकीत लावण्यासाठी. तेथून ती बाहेर पडली. १९६० च्या सुमारास ती नदी-कालव्यांत सापडली. पुढे तिने तळीच्या तळी भरली. होड्या अडकल्या. चिखलात तिचे बारीक गड्डे राहतात. म्हणून वरून काढली, तरी ती पुन्हा फुटते. ती काढण्यासाठी तेथे कोट्यवधी रुपये खर्च झाले.

आपल्याकडेही असेच घडले. २०२० साली केरळात कोळिक्कोड जिल्ह्यातील आवळा पांडी येथे एक ओढा गुलाबी फुलांनी भरून गेला. पाहायला लोकांची रीघ लागली. काहींनी रोपे उपटून घरी नेली. ती वनस्पती कॅबोम्बाच्या जातीची होती. जाणकारांनी सांगितले, बाबांनो, ही नेऊ नका. जाईल तेथे ती पसरेल, आणि तेथल्या मूळच्या वनस्पतींना जागा उरणार नाही.

जलपर्णीही परदेशातूनच, फुलांच्या हौसेने आली. तिने आपल्या नद्यांची काय गत केली, ते आपण पाहतोच.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. लावण्याआधी ओळखा. वाढली की कापा. कापलेले उन्हात कडकडीत वाळवा आणि खताच्या खड्ड्यात पुरा. टाकीचे पाणी झाडांना घाला, ओढ्यात ओतू नका. त्या पाण्यातही एखादे पेर असते.

उसाची टिपरी शेतात पडली, तर पीक येते. या वनस्पतीचे एक पेर तळ्यात पडले, तर तळे जाते. टाकीतली हौस टाकीतच राहू द्या.