जेमिमाला बसवलं, शेफालीला बोलावलं

आम्ही वरळी कोळीवाड्यातल्या बचत गटांच्या बायका. एरवी या कार्यक्रमात आम्ही कर्जफेड, सुकी मासळी, मसाले यांवर बोलतो. आज क्रिकेटवर बोलणार आहोत. हसू नका. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या बैठकीत हप्त्याची वही उघडायच्या आधी एकच वाद सुरू होतो. संघात कुणाला घेतलं ते बरोबर की चूक?

अंतिम सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर होता, म्हणजे आमच्यापासून खाडीपलीकडे. रविवार असूनही त्या दिवशी कार्तिकी एकादशी, त्यामुळे मासळीला गिऱ्हाईक कमी. पावसानं सामना दोन तास उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्री संपला. आमच्यातल्या ज्या भल्या पहाटे माल घ्यायला धक्क्यावर जातात, त्या झोपल्याच नाहीत.

ज्यांना खेळ फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकदिवसीय सामन्यात प्रत्येक बाजूला ५० षटकं, म्हणजे ३०० चेंडू. निवड दोनदा होते. आधी निवड समिती १५ जणी निवडते. मग त्यांतल्या ११ जणी रोज कर्णधार आणि प्रशिक्षक ठरवतात. म्हणजे १५ मध्ये असूनही बाकावर बसावं लागतं. आणि १५ मध्ये नसलीस तर घरी बसून टीव्हीवर बघायचं.

आता आमच्या वादाकडे येऊ. आपल्या मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज. स्पर्धेतल्या पहिल्या चार सामन्यांत तिच्या धावा ०, ३२, ० आणि ३३. त्यातले शेवटचे दोन सामने, दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धचा, आपण हरलो. १९ ऑक्टोबरला इंदूरला इंग्लंडविरुद्ध खेळायचं होतं, तेव्हा जेमिमाला बाहेर बसवलं आणि रेणुका ठाकूर ही गोलंदाज घेतली. तो सामनाही आपण हरलो, फक्त ४ धावांनी. आमच्या एक मावशी अजून म्हणतात, "एक बॅटवाली जास्त असती तर चार धावा निघाल्या नसत्या का?"

मावशींचा राग आम्हाला कळतो, पण आम्ही त्यांच्या बाजूचे नाही. निर्णय घेतला त्या दिवशी हातात काय माहिती होती ते बघावं लागतं. त्याआधीच्या सामन्यात आपण ३३० धावा केल्या होत्या, तरी ऑस्ट्रेलियानं त्या पार केल्या. त्याच्याही आधी दक्षिण आफ्रिकेचे पाच गडी ८१ धावांत गेले होते, तरी त्यांनी सामना काढला. म्हणजे धावा होत होत्या, पण समोरच्यांना रोखायला हात कमी पडत होते. सहावी गोलंदाज हवी, हे म्हणणं खोटं नव्हतं. कुणीतरी एक बाहेर जाणारच होती.

पण मग जेमिमाच का? हरलीन देओलनं पहिल्या दोन सामन्यांत ४८ आणि ४६ केल्या होत्या. वहीतले आकडे मांडले तर हरलीन पुढे. नुसती वही उघडली तर जेमिमाच बाहेर जाते.

इथे कोळणीला एक गोष्ट सांगावी लागत नाही. बोट दोनदा रिकामी आली म्हणून तांडेल बदलत नाहीत. डिझेल आणि बर्फाचे पैसे गेलेले असतात, घरात बोलणी बसतात, तरी जाणता माणूस आधी विचारतो की जाळं फाटलं होतं की पाण्यातच मासळी नव्हती? फलंदाजीतही शून्य दोन प्रकारचं असतं. एक, चेंडूच तसा पडला, कुणीही बाद झाली असती. दुसरं, पाय हलत नाहीत, चेंडू उशिरा दिसतो, मनात धास्ती आहे. वहीत दोन्ही शून्यच लिहिली जातात. फॉर्म म्हणतात तो हा फरक ओळखण्यात असतो, आणि तो ओळखायला रोज सरावाला जवळ उभं राहून बघणारं माणूस लागतं. टीव्हीसमोर बसून आम्हाला तो कळला असता असा आमचा दावा नाही.

जेमिमाला पुढच्याच सामन्यात परत घेतलं. न्यूझीलंडविरुद्ध तिनं ५५ चेंडूंत नाबाद ७६ केल्या. मग ३० ऑक्टोबरला उपांत्य फेरी. समोर ऑस्ट्रेलिया, ३३९ धावा करायच्या. ती तिसऱ्या क्रमांकावर आली आणि शेवटपर्यंत राहिली, नाबाद १२७. सामना संपल्यावर सगळ्यांसमोर तिनं सांगितलं की या स्पर्धेत आपण खूप रडलो, मनाची घालमेल होत होती, मैत्रिणी शेजारी बसून राहिल्या. २०२२ च्या विश्वचषकाला तर तिला १५ मध्येही घेतलं नव्हतं, हेही लक्षात असू द्या.

शेफाली वर्माची गोष्ट याच्या उलट. पंधराव्या वर्षी भारताकडून खेळलेली मुलगी, पण वर्षभर एकदिवसीय संघाबाहेर होती. ऑगस्टमध्ये विश्वचषकाचा संघ जाहीर झाला, त्यात तिचं नाव नव्हतं. सलामीला स्मृती मानधनाबरोबर प्रतीका रावल होती, आणि प्रतीकानं जागा कमावली होती. स्पर्धेत तिच्या ३०८ धावा झाल्या, न्यूझीलंडविरुद्ध १२२. मग बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना तिचा पाय मुरगळला आणि स्पर्धा संपली. शेफाली तेव्हा सुरतेला देशांतर्गत ट्वेंटी-२० सामने खेळत होती. तिथून तिला बोलावलं. उपांत्य सामन्यात १० धावा. अंतिम सामन्यात ८७ धावा, वर दोन गडी. सामनावीर तीच.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच बोललं गेलं की निवड समितीला कळतच नाही, हिला आधीच का घेतली नाही? आम्हाला हे पटत नाही. ८७ धावा २ नोव्हेंबरला झाल्या. संघ निवडला ऑगस्टमध्ये. शेफालीच्या एका दिवसानं प्रतीकाचे ३०८ पुसले जात नाहीत. आमच्यातल्या तरण्या मुली यावर चिडतात. त्यांचं म्हणणं, मोठ्या सामन्याला धाडस लागतं आणि ते शेफालीकडेच होतं. असेल. पण मग निवडणाऱ्यांनी तसं आधी सांगायला हवं की आम्ही सातत्य बघतोय की धाडस. निकाल लागल्यावर कसोटी बदलली तर कुणालाच न्याय मिळत नाही.

या संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार हे आपल्या दादरच्या शारदाश्रम शाळेचे. १९८८ साली सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शालेय सामन्यात ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. त्याची पाळी आलीच नाही. पहिल्याच रणजी सामन्यात त्यांनी २६० केल्या, पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांहून जास्त धावा, मुंबईचं कर्णधारपद, रणजी करंडक. भारताकडून एकही सामना नाही. त्या काळात मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण बसलेले, जागाच नव्हती. फॉर्म वीस वर्षं होता, तरी निवड झाली नाही. अशा माणसाला जेमिमाला बाहेर बसवताना काय वाटलं असेल, असं आमच्या एक वहिनी सारखं म्हणतात. बाकावर बसणं म्हणजे काय, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

गटातही हेच चालतं ना? तालुक्याच्या प्रदर्शनात स्टॉल मिळतो, दोघीच पाठवायच्या असतात. मग मागच्या वेळी जिचा माल विकला गेला नाही तिला गाळतात. त्या दिवशी पाऊस होता, की स्टॉल कोपऱ्यात होता, की तिलाच गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही, हे कोण विचारतं? आणि गाळलं हे तिला कोण सांगतं? तिला ते तिसरीकडून कळतं, मग ती बैठकीला यायची बंद होते. आम्ही आता स्टॉलसाठी नावं घ्यायच्या आधी वहीत एक ओळ लिहितो, या वेळी हिशेब येणारी हवी की माल खपवणारी. नावं त्यानंतर. आणि जिचं नाव नाही तिला बैठकीतच, तिच्या तोंडावर कारण सांगतो. भांडणं होतात. पण बैठकीला येणं बंद होत नाही.

प्रतीका रावल अंतिम सामन्यानंतर चाकाच्या खुर्चीतून मैदानात आली, हे तुमच्यातल्या अनेकींनी पाहिलं असेल. जागी दुसरी घेतल्यामुळे ती नियमानं १५ मध्ये राहिली नव्हती, म्हणून त्या रात्री तिच्या गळ्यात पदक नव्हतं. आमच्या मावश्यांचा डोळा पाणावला तो कप बघून नाही, हे बघून.

आता पुढचा वाद तयारच आहे. स्मृतीबरोबर सलामीला कोण जाणार, शेफाली की प्रतीका? मागच्या बैठकीत आम्ही हात वर करायला लावले. तरण्या सगळ्या शेफालीच्या बाजूच्या, मावश्या प्रतीकाच्या, आणि सचिवबाईंनी दोन्ही हात वर केले. त्यांचं मत बाद धरलं आहे. पुढच्या गुरुवारी पुन्हा मोजणार.