आठवीचा पट

आदरणीय गुरुजन, शिपाईमामा आणि १९९२ साली आठवीत आलेल्या माझ्या सोबत्यांनो,

'कुठल्याही विषयावर पंधरा मिनिटे बोल,' असे संयोजकांनी सांगितले तेव्हा त्यांना कृत्रिम बुद्धिमत्ता अपेक्षित असावी. हल्ली सॉफ्टवेअरवाल्याच्या हातात माइक दिला की तो त्यावरच बोलतो आणि सगळ्यांच्या मुलांच्या नोकऱ्यांची काळजी वाढवून खाली बसतो. मी समाजशास्त्रावर बोलणार आहे. त्या विषयाची पदवी माझ्याकडे नाही. इंजिनिअरिंग झाले, चोवीस वर्षे प्रोग्रॅम लिहिते आहे, आणि समाजशास्त्र गेली सात-आठ वर्षे कंपनीच्या बसमध्ये बसून वाचते आहे. पण या मेळाव्याच्या तयारीत जेवढे ते वाचन कामाला आले, तेवढे इंजिनिअरिंग आले नाही.

माझ्याकडे यादीचे काम होते. मुख्याध्यापकांनी जुने जनरल रजिस्टर पाहू दिले. तो जाडजूड बांधणीचा ग्रंथ तुम्ही कधी पाहिला नसेल. पण आपल्या प्रत्येकाच्या दाखल्यावरचा नंबर तिथूनच आलेला आहे. नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, आणि अगदी उजवीकडे एक अरुंद रकाना : शाळा सोडल्याचे कारण. आठवीत आपण तीन तुकड्या मिळून दीडशेच्या वर होतो. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेव्हा सत्तरएक जण होते. मुलगे एकमेकांना धरून धरून येतच होते. मुली मात्र वीसही नव्हत्या, आणि रजिस्टरात तर त्या जवळजवळ निम्म्या आहेत.

मी नावे एक्सेलमध्ये घातली आणि शोधायला बसले. आमच्या धंद्यात नोंद ओळखायला एक कायमची खूण लागते, जी कधी बदलत नाही. मुलग्यांच्या बाबतीत नाव, वडिलांचे नाव, आडनाव मिळून ही खूण तयार होते आणि ती जन्मभर टिकते. फेसबुकवर टाका, मतदार यादीत टाका, माणूस सापडतो. मुलींच्या बाबतीत मधले नाव जाते, आडनाव जाते, आणि आपल्याकडे ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले की पहिलेही जाते. तिन्ही खुणा एका दुपारी पुसल्या. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव लावायचा नियम आपल्या राज्यात झाला, ही चांगली गोष्ट आहे. पण ते नाव आईच्या माहेरचे की सासरने दिलेले, हा प्रश्न उरतोच.

समाजशास्त्रात 'संस्था' हा शब्द वाचताना मी सुरुवातीला अडखळायची. आपल्याला संस्था म्हटले की शिक्षण संस्था, सहकारी संस्था, नोंदणी क्रमांक, संचालक मंडळ आठवते. तिथे अर्थ वेगळा आहे. कुणी हुकूम न सोडता, सगळ्यांनी 'असेच असते' म्हणून पाळलेली रीत म्हणजे संस्था. लग्न ही संस्था, नाते ही संस्था. आपल्या वर्गमैत्रिणींना गायब व्हा असे कुणीही सांगितले नव्हते. तरी त्या यादीतून गेल्या, आणि सगळ्या एकाच पद्धतीने गेल्या. एवढ्या जणी एकाच वाटेने जात असतील तर त्याला योगायोग म्हणता येत नाही.

इथे मला इरावती कर्वे आठवल्या. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. पुढे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्याचे प्रमुख झाले, आणि इरावतीबाई त्यांच्या विद्यार्थिनी. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला; नावही तिथल्या इरावती नदीचे. भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये आला. आत्या, मामा, नणंद, जाऊ, मेहुणा हे आपण सहज वापरतो ते शब्द त्यांनी प्रांतोप्रांतीचे गोळा केले आणि कोण कुणाशी लग्न करू शकते, याच्याशी ते ताडून पाहिले. उत्तरेत मुलगी साधारणपणे परक्या गावात, परक्या घरात जाते. दक्षिणेत पुष्कळदा नात्यातच जाते. सासू ही आधीच आत्या किंवा मामी असते. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये आहे. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा चालत नाही. हे वाचल्यावर आमच्या घरातली अर्धी भांडणे मला नव्याने कळली. ते असो.

मुद्दा असा की इरावतीबाईंनी नाती शोधली ती माणसांना विचारून. आपल्याही शोधाला तीच रीत लागू पडली. एक्सेल मिटवले आणि शिपाईमामांना फोन केला. मामांनी मुलींची नावे विचारलीच नाहीत. 'गाव कुठलं? भाऊ होता का शाळेत?' एवढेच विचारले. भावाचे नाव बदलत नाही, भावाचे घरही सहसा बदलत नाही. भाऊबीजेला बहीण तिथे येते. मामांनी भाऊ शोधले, भावांनी बहिणी. आठ दिवसांत अकरा जणी सापडल्या. माझ्या प्रोग्रॅमने तीन शोधल्या होत्या, त्यातली एक चुकीची निघाली.

सापडलेल्यांपैकी एकीला मी फोन केला. ती म्हणाली, 'अगं, मी कुठं तुमच्या बॅचची? मी दहावीला बसलेच नाही.' ती नववीच्या दिवाळीपर्यंत आपल्यात होती. लंगडीत तिला कुणी बाद करू शकत नसे. आपल्या आमंत्रणावर तेव्हा 'दहावी, मार्च १९९५' असे छापायचे ठरत होते. त्या तीन शब्दांनी ती बाहेर गेली असती, आणि तिच्यासारखे आणखी पन्नास. समितीने त्या रात्रीच मजकूर बदलला. म्हणून आज मी तुम्हाला आठवीत आलेले सोबती म्हटले. ती इथे आली आहे. नाव घेऊ नकोस असे तिने बजावले आहे, म्हणून घेत नाही.

तिच्यापुढच्या उजवीकडच्या रकान्यात लिहिले आहे : 'पालकांच्या विनंतीवरून'. पान उलटत गेले तर हेच दोन शब्द पुन्हा पुन्हा येतात. 'लग्न ठरले' असे कुठेही नाही. सी. राइट मिल्स नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये एक साधा फरक सांगितला. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याच्या स्वभावाकडे, कौशल्याकडे बघावे. पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर एकेकाच्या स्वभावात उत्तर शोधण्यात अर्थ नाही. एका पालकाची विनंती ही घरगुती बाब. पानभर पालकांची एकच विनंती हा समाजाचा विषय. आपण शाळेत होतो त्याच सुमारास, १९९२-९३ मध्ये, देशात पहिले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात २० ते २४ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण २३ टक्क्यांवर आले, महाराष्ट्रात २२. म्हणजे रीत बदलते, आणि तरी पाचातली एक अजून आहे. आत्ता आपल्या शाळेत आठवीत असलेल्या मुलींमध्येही ती असू शकते.

सरांनो, बाईंनो, तुम्ही आम्हाला सारखेच शिकवलेत, याबद्दल मला शंका नाही. पण आम्ही सारखे होऊन वर्गात येत नव्हतो. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शिक्षणाचा पैसा रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ वरच्या थरांना मिळतो, हे त्यांनी त्यात मांडले, आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. समाजशास्त्राचा विभाग अजून कुठे नव्हता तेव्हा! शाळा ही इमारत न राहता समाजाची एक चाळणी कशी होते, हे मला कुठल्याही परदेशी ग्रंथापेक्षा त्या निवेदनात अधिक स्पष्ट दिसते. आपली 'अ' तुकडी गुणांवर ठरायची. गुण मात्र घरात अभ्यासाला जागा आहे का, संध्याकाळी दूध काढायला जायचे आहे का, यावरही ठरत होते.

चाळणी शाळेबाहेरही चालू राहते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. शिक्षण, पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. नावावरून जात किंवा धर्म कळावा एवढाच. सवर्ण हिंदू वाटणाऱ्या नावांच्या तुलनेत दलित वाटणाऱ्या नावांना मुलाखतीचे बोलावणे कमी आले, मुस्लिम नावांना आणखी कमी. हे खासगी कंपन्यांचे चित्र होते. माझ्या क्षेत्रात 'आम्ही फक्त गुणवत्ता बघतो' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आता ते ऐकले की मी अर्जांचा गठ्ठा मागते.

आता आपल्या ग्रुपबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकत्याच नोकरी बदललेल्या लोकांना विचारले, नोकरीची खबर कुणाकडून मिळाली? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी वारंवार भेटणाऱ्या माणसामुळे ती मिळालेले जेमतेम १७ टक्के निघाले. जवळजवळ ५६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून आणि २८ टक्क्यांना वर्षातून एखादेच वेळी, किंवा तेवढेही न भेटणाऱ्याकडून खबर मिळाली होती. त्याचा तो निबंध १९७३ चा. कारण सरळ आहे. जिवलग मित्राला बहुतेक तेच माहीत असते जे आपल्याला माहीत असते. लांबची ओळख दुसऱ्या वर्तुळातली बातमी आणते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी लोकांवर प्रयोग करून संशोधकांनी हेच पुन्हा तपासले; फार घट्ट नव्हेत आणि अगदीच पुसटही नव्हेत, अशा ओळखी सर्वांत कामाच्या निघाल्या.

तीस वर्षे न भेटलेले वर्गमित्र म्हणजे अशी ओळख! ग्रुप सुरू होऊन दीड वर्ष झाले. शुभ सकाळच्या फुलांचा त्रास आहेच, पण मोजा जरा. एकाच्या मुलाची पुण्यात राहायची सोय झाली. एकीच्या सासऱ्यांना रुग्णालयात वेळेवर खाट मिळाली. दोन मुलांना इंटर्नशिप मिळाली. त्यातली एक माझ्याच शब्दावर. हे सगळे सत्तर जणांत फिरले. जे ग्रुपवर नव्हते त्यांच्या मुलांना ती खबर कळली नाही. ती मुले कमी हुशार होती असे नव्हे. त्यांची आई नववीतच रजिस्टरातून गेली होती. आईचे नाव पुसले गेले, त्याची किंमत मुलाच्या नोकरीत मोजली गेली. आपण सगळे भले लोक आहोत, आणि तरी हे घडले. भल्या लोकांकडून असे कसे घडते, हे समजण्यासाठी मला समाजशास्त्र लागले.

एक शेवटची गोष्ट सांगते. एम. एन. श्रीनिवास हे घुर्ये यांचेच विद्यार्थी. १९४८ मध्ये ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले. पुस्तकात त्यांनी त्याचे नाव रामपुरा ठेवले. १९७० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डला असताना त्यांच्या अभ्यासिकेला आग लावली गेली आणि वर्षानुवर्षे तयार केलेली टिपणे जळाली. मग त्यांनी ते खेडे आठवणीतून लिहिले. ते पुस्तक १९७६ मध्ये आले. मला त्यात सगळ्यांत आवडते ते हे, की आपण गावाच्या पाटलाच्या आश्रयाने राहिलो, त्यामुळे गाव आपल्याला वरच्या जातींच्या पुरुषांच्या बाजूने अधिक दिसले, हे ते लपवत नाहीत. सकाळपासून इथे आपण आठवणी सांगतो आहोत. बहुतेक पहिल्या तीन बाकांवरच्या आहेत. मीही दुसऱ्या बाकावरचीच. दुपारच्या सत्रात मागच्या बाकांवरच्यांनी आधी बोलावे, अशी माझी संयोजकांना विनंती आहे, आणि त्यांनी ती मान्य केली आहे.

अजून सेहेचाळीस जण सापडायचे आहेत. त्यांत एकतीस मुली. त्यांची रजिस्टरातली नावे एका वहीत लिहून ती जेवणाच्या मांडवात, ताटांच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. आताचे नाव माहीत नसले तरी चालेल. माहेरचे गाव आठवत असेल तर ते लिहा, आणि भाऊ हल्ली कुठे असतो ते माहीत असेल तर फार बरे होईल. शिपाईमामा तिथेच बसलेले आहेत.