बँक हमी आणि पासबुक
पुण्याच्या क्रिकेट संघाच्या विक्रीचा धडा

(मुरुड येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



क्रिकेट संघाच्या मालकीचा विषय मुरुडच्या बैठकीत कशासाठी, अशी शंका कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. उसाचे बिल, सोयाबीनचा भाव आणि पिण्याचे पाणी हे प्रश्न दाराशी उभे असताना कोट्यधीशांच्या खेळण्याची चर्चा ही चैन वाटेल. परंतु ज्या उद्योगसमूहाने पुण्याचा संघ विकत घेतला आणि तीन हंगामांत सोडून दिला, त्याच समूहाची पासबुके देशभरच्या लहान गावांतील टपरीवाल्यांच्या, रिक्षावाल्यांच्या आणि शेतमजुरांच्या घरी होती. संघाच्या व्यवहारात मोठ्या धनकोचे काय झाले आणि त्याच काळात या लहान धनकोचे काय झाले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की आपल्या अर्थव्यवस्थेचे खरे स्वरूप उघड होते. चर्चेचे प्रयोजन एवढेच आहे.

प्रथम व्यवहार समजून घेतला पाहिजे. इंडियन प्रीमियर लीग ही स्पर्धा २००८ मध्ये सुरू झाली. तिच्यातील संघ विकत घेणे म्हणजे मैदान विकत घेणे नव्हे. मैदान राज्याच्या क्रिकेट संघटनेचे असते. खेळाडूही कायमचे विकत मिळत नाहीत. त्यांचे करार ठराविक मुदतीचे असतात. विकला जातो तो एका शहराच्या नावाने खेळण्याचा आणि त्या नावावर पैसा मिळवण्याचा हक्क. विकणारे भारतीय क्रिकेट नियामक मंडळ, घेणारा भांडवलदार. ज्या शहराचे नाव विकले जाते त्या शहराची सही या करारावर कोठेही नसते.

२००८ च्या लिलावात मुंबईच्या संघाला सर्वाधिक, म्हणजे ११ कोटी १९ लक्ष डॉलर किंमत आली होती. दोनच वर्षांनी, २१ मार्च २०१० रोजी चेन्नईत आणखी दोन संघांची विक्री झाली, तेव्हा सहारा समूहाने पुण्याच्या संघासाठी ३७ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे १,७०२ कोटी रुपयांची बोली लावली. रक्कम दहा वार्षिक हप्त्यांत द्यावयाची होती. 'पुणे वॉरियर्स' असे नाव घेतलेला हा संघ पहिल्या हंगामात, २०११ मध्ये, घरचे सामने नवी मुंबईत खेळला. पुण्याच्या नावाचा व्यापार सुरू झाला तेव्हा पुणेकर प्रेक्षक त्यात नव्हताच.

पुढे वाद सुरू झाला. संघ आठांचे दहा झाल्यावर एका हंगामात ९४ सामने होतील, असे गृहीत धरून बोली लावली होती. प्रत्यक्षात ७४ झाले, सबब किंमत कमी करावी, असे सहाराचे म्हणणे होते. मंडळाने ते मानले नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये सहाराने अंग काढून घेतल्याचे जाहीर केले. काही दिवसांतच तडजोड झाली आणि संघात भागीदार शोधण्याची मुभा समूहाला मिळाली. परंतु संघाला आधार देईल असा भागीदार आला नाही आणि वाद मिटला नाही. मे २०१३ मध्ये फी थकल्यामुळे मंडळाने सहाराची बँक हमी वटवली. त्यावर सहाराने २१ मे रोजी स्पर्धेतून बाहेर पडल्याचे जाहीर केले, आणि २६ ऑक्टोबर २०१३ रोजी मंडळाने करारच रद्द केला. दीड वर्ष चाललेल्या या घोळात पुण्याच्या प्रेक्षकाला कोणी काही विचारले नाही.

आता याच काळातील दुसरा हिशेब पाहावा. सहाराच्या दोन कंपन्यांनी सुमारे ३ कोटी लोकांकडून कर्जरोख्यांच्या मार्गाने २४ हजार कोटींहून अधिक रक्कम गोळा केली होती. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम १५ टक्के व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. आदेशाचे पालन न झाल्याने समूहाचे प्रमुख सुब्रत रॉय यांना फेब्रुवारी २०१४ मध्ये अटक झाली आणि दोन वर्षांहून अधिक काळ ते तिहारच्या तुरुंगात होते. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वर्षीच्या मार्चअखेरीपर्यंत 'सेबी'च्या खात्यात या प्रकरणाचे सुमारे २५ हजार कोटी रुपये जमा होते. प्रत्यक्ष ठेवीदारांच्या हाती पडले होते ते सुमारे १३८ कोटी. दावेदारच पुढे आले नाहीत, असे त्याचे कारण सांगण्यात आले. ज्याने रोज दहा-वीस रुपये एजंटाच्या हाती दिले, त्याने इंग्रजी अर्ज आणि मूळ कागद घेऊन मुंबईच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा, ही अपेक्षा करणारी व्यवस्था कोणाच्या सोयीची आहे, हे वेगळे सांगावयास नको. समूहाच्या चार सहकारी संस्थांच्या ठेवीदारांसाठी जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने दावे नोंदवण्याची व्यवस्था उघडली, तेव्हा आरंभीची मर्यादा होती माणशी दहा हजार रुपये.

ठेवीदारांच्याच पैशातून संघ घेतला, असा आरोप येथे करावयाचा नाही. मुद्दा त्याहून साधा आणि अधिक गंभीर आहे. समूह एक, काळ तोच, देणी दोन. मंडळाच्या हातात बँक हमी होती. हप्ता थकताच तिने ती वटवली. शेतमजुराच्या हातात पासबुक होते. ते वटवण्याची खिडकी उघडायलाच एक दशक गेले. मोठा धनको करार करतानाच आपल्या बुडण्याची तजवीज करून ठेवतो. लहान धनको विश्वास ठेवतो, आणि त्या विश्वासाला कायद्याच्या बाजारात तारण म्हणून किंमत नसते.

विश्वास कशाच्या बळावर मिळाला, याचाही विचार व्हावा. २००१ पासून २०१३ च्या अखेरीपर्यंत भारतीय खेळाडूंच्या अंगावरील सदऱ्यावर सहाराचे नाव झळकत होते. १ एप्रिल २०१२ रोजी गहुंजे येथील महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या मैदानाचे उद्घाटन झाले तेही सुब्रत रॉय यांचे नाव देऊन. पुढे पैसे थकले म्हणून २०१३ मध्ये ते नाव उतरवावे लागले. गावातल्या ठेवीदाराने कंपनीचा ताळेबंद वाचलेला नव्हता. त्याने सचिन तेंडुलकरचा सदरा पाहिला होता. खेळावरील लोकांचे प्रेम हे अशा रीतीने पत उभी करण्याचे साधन बनले. ते प्रेम निर्माण केले लोकांनी, त्याचे भाडे घेतले मंडळाने, आणि त्याची किंमत मोजली पुन्हा लोकांनीच.

एक मालक वाईट निघाला, दुसरा चांगला मिळाला असता तर प्रश्न सुटला असता, असे काहींना वाटेल. पुण्याचा पुढील इतिहास या समजाला पुष्टी देत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये दोन निलंबित संघांच्या जागी दोन वर्षांपुरते नवे संघ निवडताना उलटी बोली झाली. मंडळाकडून कमीत कमी रक्कम मागणारा विजयी व्हावयाचा होता. संजीव गोएंका यांच्या कंपनीने काही मागण्याऐवजी उलट १६ कोटी रुपये देऊ केले आणि पुणे घेतले. या मालकाने करार पाळला. त्याच्या संघाने २०१७ ची अंतिम फेरी गाठली आणि ती अवघ्या एका धावेने गमावली. त्यानंतर मुदत संपली आणि संघ मिटला. २०२१ मध्ये याच उद्योगपतींच्या समूहाने ७,०९० कोटी रुपये देऊन लखनौचा संघ घेतला. फुटबॉलमध्येही वेगळे घडले नाही. २०१४ पासून खेळणारा पुणे सिटी हा संघ २०१९ मध्ये पैशाअभावी बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. भांडवलाला गाव नसते. मालक सज्जन असो वा लबाड, संघ शहरात राहील की नाही हे शहर ठरवीत नाही.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस डॉजर्स हा बेसबॉलचा नामांकित संघ आहे. त्याचा मालक फ्रँक मॅकोर्ट याने तो २००४ मध्ये ४३ कोटी डॉलरला घेतला. पुढे देणी इतकी वाढली की एप्रिल २०११ मध्ये स्पर्धेच्या आयुक्तांना कारभार हाती घ्यावा लागला आणि जूनमध्ये मालकाने दिवाळखोरीचा अर्ज केला. जवळजवळ वर्षभराच्या घोळानंतर २०१२ मध्ये संघ विकला गेला तो २ अब्ज डॉलरहून अधिक किमतीला. दिवाळखोरीत गेलेला मालक विक्रीतून श्रीमंत होऊन बाहेर पडला. पिढ्यान् पिढ्या तिकीट काढून त्या नावाला किंमत आणणाऱ्यांना त्यातला एक डॉलरही मिळाला नाही.

आणि तरीही दुसरी वाट आहे. त्याच अमेरिकेत ग्रीन बे या सुमारे लाखभर वस्तीच्या गावात फुटबॉलचा नामांकित संघ १९२३ पासून सामान्य भागधारकांच्या मालकीचा आहे. भागधारकांची संख्या पाच लाखांवर गेली आहे. त्यांना लाभांश मिळत नाही आणि कोणालाही ठराविक मर्यादेपलीकडे भाग घेता येत नाहीत. त्यामुळे संघ गाव सोडून गेला नाही. इतर संघांच्या मालकांनी अशी मालकी नव्याने कोणाला मिळू नये असा नियम करून ठेवला आहे, ही बाबही बोलकी आहे. जर्मनीत फुटबॉलच्या वरच्या स्पर्धांत, काही अपवाद सोडता, क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून अधिक मतांचा अधिकार असलाच पाहिजे, असा दंडक आहे.

सभासदत्वाचा अर्थ मराठवाड्याला समजावून सांगण्याची गरज नाही. मुरुडच्याच रेल्वेमार्गावर ढोकी आहे. तेथील तेरणा सहकारी साखर कारखाना वर्षानुवर्षे बंद राहिला आणि तो भाड्याने देण्याच्या निविदेवरून कज्जेदलाली झाली. कारखाना बुडाला तेव्हा तो बँकेचा थकबाकीदार म्हणून मोजला गेला. शेअरचे पैसे भरणारा शेतकरी मात्र रांगेत शेवटी उभा राहिला. सहकारात सभासद नावापुरता उरला की त्याचे काय होते, याचा हा अनुभव आहे. म्हणून नुसती सभासदांची यादी पुरेशी नाही. हिशेब उघडे हवेत, विकण्यापूर्वी सभासदांची संमती हवी, आणि देणी फेडताना लहान धनकोचा क्रम पहिला हवा. संघ असो वा कारखाना, मागणी हीच आहे.

कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. ज्या ठेवीदाराची रक्कम अद्याप मिळालेली नाही, त्याचे पासबुक, पावत्या आणि ओळखीचे कागद जुळवून देणे, त्याचा दावा नाकारला गेला असल्यास कारण लेखी मागणे, हे काम सभेतल्या ठरावापेक्षा अधिक मोलाचे आहे. लोकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या मैदानांचे आणि क्रीडासंघटनांचे हिशेब जाहीर मागणे हे दुसरे. आणि गावातील खेळाचे मैदान व तालीम कोणाच्या खाजगी नावावर जाणार नाही, याची राखण करणे हे तिसरे. त्या मैदानाची किंमत कोणी लिलावात बोलत नाही, तोपर्यंतच ते वाचवणे सोपे आहे.