पाऊस दोन्ही संघांवर पडतो

(एका क्रीडामंडळाच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



पारितोषिके देण्यासाठी आपण मला बोलावलेत. परंतु माझ्या खेळाच्या दिवसांतील जी आठवण आजही मनात सलते, ती पारितोषिकाची नाही. संघाच्या यादीतून गळलेल्या नावाची आहे.

महाविद्यालयात असताना मी मुंबईतील एका लहानशा क्लबकडून कांगा लीगचे सामने खेळत असे. एका रविवारी पहाटेपासून पाऊस कोसळत होता. आज सामना होणे नाही, असा निकाल मी अंथरुणातच देऊन टाकला आणि पांघरूण ओढले. दहाच्या सुमारास पाऊस थांबला, ऊन पडले आणि माझा संघ दहा जणांनिशी खेळून थोडक्यात हरला. दुसऱ्या दिवशी मी कर्णधारांपुढे उभा राहून पावसाचे रसभरित वर्णन करू लागलो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘‘बाकीचे दहा जण कोणत्या गावाहून आले होते रे?’’ पुढच्या रविवारी माझे नाव संघात नव्हते.

तरुण मित्रांसाठी कांगा लीगविषयी थोडे सांगतो. डॉ. होरमसजी कांगा हे मुंबईच्या जुन्या पिढीतील क्रिकेटपटू. त्यांच्या स्मरणार्थ १९४८ साली ही स्पर्धा सुरू झाली. पावसाळा आला की क्रिकेटचे साहित्य माळ्यावर जाते, ही सर्वत्रची रीत. या स्पर्धेने मात्र पावसाळ्यालाच आपला हंगाम मानले. खेळपट्टी उघडी, गवत घोट्याच्या वर वाढलेले, गोलंदाजाच्या पायाखाली चिखल. जमिनीलगत मारलेला सुरेख फटका गवतात अडकून पडतो. म्हणून धावा हव्या असतील तर चेंडू हवेतून मारण्याचे धाडस करावे लागते. ओली खेळपट्टी उन्हात वाळू लागली की एक चेंडू थांबून येतो, तर दुसरा अचानक उसळतो. ओला चेंडू फिरकी गोलंदाजाच्या बोटांतून निसटतो. तिथे प्रत्येकाकडे तक्रारीला जागा असते, आणि म्हणूनच कोणाच्याही तक्रारीला किंमत नसते.

हवामानाने खेळावर परिणाम होतच नाही, असे मी म्हणणार नाही. १९५२ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या ओल्या खेळपट्टीवर आपला संघ एकाच दिवसात दोनदा, ५८ आणि ८२ धावांत, गारद झाला होता. परिणाम होतो; प्रश्न एवढाच, की त्याचा हिशेब आपण प्रामाणिकपणे मांडतो की नाही.

१९७१ चा इंग्लंड दौरा पाहा. कर्णधार होते अजित वाडेकर. त्यांच्यासह सुनील गावसकर, एकनाथ सोलकर हे मुंबईच्याच मैदानांवर घडलेले खेळाडू संघात होते. लॉर्ड्सच्या पहिल्या कसोटीत विजयासाठी १८३ धावा हव्या असताना आपण ८ बाद १४५ पर्यंत पोहोचलो आणि पाऊस आला. सामना अनिर्णित राहिला. पावसाने आपला विजय हिरावला, असे तेव्हा सहज म्हणता आले असते. पण मँचेस्टरच्या दुसऱ्या कसोटीत ४२० धावांचे लक्ष्य समोर असताना आपली अवस्था ३ बाद ६५ होती आणि शेवटच्या दिवशी पावसामुळे एकही चेंडू टाकला गेला नाही. तिथे पावसाने आपल्याला वाचवले! ओव्हलच्या तिसऱ्या कसोटीचा दुसरा दिवस पुन्हा पावसात वाहून गेला. उरलेल्या वेळेत भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत संपवला आणि २४ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने चार गडी राखून सामना आणि मालिका जिंकली. इंग्लंडच्या भूमीवरील तो आपला पहिला कसोटी विजय.

या तीन सामन्यांचा बोध सरळ आहे. पाऊस कोणाचाही पक्षपाती नसतो. तो दोन्ही संघांवर पडतो. आज आपले नुकसान करतो, उद्या आपल्याला हात देतो. आपण मात्र पहिली नोंद वहीत ठळक अक्षरांत करतो आणि दुसरी विसरून जातो. सबब म्हणजे तरी दुसरे काय? ती बहुधा खोटी नसते. ती अर्धवट खरी असते. म्हणूनच ती इतकी सोयीची वाटते.

पालकांनाही नम्र विनंती आहे. आभाळ भरून आले की प्रशिक्षकांना पहिला दूरध्वनी घरूनच जातो. ‘आज याला पाठवत नाही.’ काळजी मी समजू शकतो. वीज कडाडत असेल तर मैदान तत्काळ सोडलेच पाहिजे. तिथे धीटपणा दाखवणे हा निव्वळ मूर्खपणा. मैदान पाण्याखाली असेल तर खेळ थांबलाच पाहिजे. पण तो निर्णय पंचांनी किंवा प्रशिक्षकांनी मैदानावर उभे राहून घ्यायचा आहे, आपण खिडकीत उभे राहून नव्हे. पिशवीत कोरडे कपडे आणि टॉवेल द्या. घरी आल्यावर ओल्या बुटांत चुरगळलेले वर्तमानपत्र कोंबून ठेवा; ते ओल शोषून घेते. पत्रकार म्हणून सांगतो, आमच्या लिखाणाचा एवढा निर्विवाद उपयोग दुसरा नाही!

पावसाळी सकाळी घरी थांबण्याची सवय लागलेले मूल पुढे परीक्षेच्या, नोकरीच्या आणि कसोटीच्या प्रसंगीही आधी आभाळाकडे पाहते. ही सवय लहानपणी जडते आणि मोठेपणी सुटता सुटत नाही.

शेवटी पुन्हा त्या रविवारकडे येतो. त्या दिवशी मी भिजलो नाही, एवढेच मी कमावले. पण सीमारेषेवरची माझी जागा रिकामी राहिली नव्हती. माझ्या दहा सोबत्यांपैकी कोणीतरी आपल्या जागेबरोबर माझीही जागा राखत, चिखलातून दुप्पट धावला. तो कोण होता, हे विचारण्याचे धाडस मला आजवर झाले नाही. आज ज्यांना चषक मिळाले त्यांचे अभिनंदन. आणि ज्यांना मिळाले नाहीत, पण जे वर्षभर एकाही पावसाळी सकाळी गैरहजर राहिले नाहीत, त्यांना माझा नमस्कार.