थंड हवा आणि आपला श्वास
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



मागे आपल्या मंडळाची लेहची सहल गेली होती, ती आपणांस आठवत असेलच. तेथे एका पहाटेच्या गारठ्यात चढण चढताना आपल्यातील एकीला अशी धाप लागली की तोंडातून शब्द फुटेना. लेहची हवा विरळ, हे खरे. पण बाईंना मूळचा दमा होता. पंप पिशवीत होता. चारचौघींत काढायची लाज वाटली! वेळेवर तो घेतला म्हणून निभावले. त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनात घोळतो आहे.

सायबेरियातील ओयम्याकोन या खेड्यात १९३३ साली तपमान शून्याखाली ६७.७ अंशांपर्यंत उतरले होते. तशा थंडीतही माणसे राहतात, ती नाकाच्या जोरावर. बाहेरची हवा ऊबदार आणि ओलसर करून आत पाठवणे हे नाकाचे काम. कडाक्याच्या थंडीतली हवा फार कोरडी असते. श्रमाने तोंडावाटे श्वास सुरू झाला की ती तशीच आत शिरते, श्वासनलिका कोरड्या पडतात, आकसतात. मग खोकला, घरघर आणि धाप. स्वीडन-नॉर्वेकडे बर्फावरून लांबच्या शर्यती करणाऱ्या धडधाकट खेळाडूंतही दमा इतरांपेक्षा अधिक आढळला आहे.

दुसरा वैरी घरातच असतो. थंडीमुळे दारेखिडक्या बंद, आणि आत चूल. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत लडाखच्या काही खेड्यांतील लोकांच्या फुप्फुसांत खाणकामगारांसारखा विकार दिसला. त्यांनी खाण पाहिलीही नव्हती! वाऱ्याने उडणारी धूळ आणि चुलीचा धूर यांकडे संशय गेला. चूल बाईच्या वाट्याची, तेव्हा धूरही तिच्याच वाट्याचा.

म्हणून एवढेच सांगते. थंडीत बाहेर पडताना नाकातोंडावरून मफलर घ्या. आपल्याच उच्छ्वासाची ऊब आणि ओल श्वासाला मिळते. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून कधीही झोपू नका. तिचा विषारी वायू वासावरून कळत नाही. दमा असेल तर प्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारा आणि सोबतिणींना सांगून ठेवा.

आपण चष्मा लावताना लाजतो का? मग पंपाचीच लाज कशाला? ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून धाप गिळू नका, एवढीच माझी विनंती.